११९ ग्रॅम

तेरा वर्षांपूर्वी लंडनहून जावयांचा फोन आला. "बाबा, गाडी घेतली. ११९ ग्रॅमची."

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून हात पुसत ही बाहेर आली आणि तिनं विचारलं, "बावीस कॅरेट की चोवीस?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या घरात ग्रॅमवर घ्यायच्या वस्तू दोनच, सोनं आणि केशर, आणि दोन्ही घेतल्याला बरीच वर्षं झाली. गाडीबद्दल आम्ही दोन प्रश्न विचारतो: केवढ्याला पडली, आणि किती देते? तिकडे तिसराही विचारतात: किती सोडते? जावयांची सेकंडहँड डिझेल गाडी एक किलोमीटर गेली की नळकांड्यातून ११९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडायची, आणि ब्रिटिश सरकार त्या ग्रॅमांवर रोड टॅक्स घ्यायचं. गाडी २००९ सालची, बँड सी, टॅक्स वर्षाला ३० पाउंड. शंभर ग्रॅमच्या आतली असती तर शून्य.

"पण मोजतं कोण?" मी विचारलं.

"कंपनी मोजून घेते, बाबा. प्रयोगशाळेत, मॉडेल बाजारात यायच्या आधी."

म्हणजे मुलाचा पगार मुलाच्या बापानंच सांगायचा आणि आपण तो खरा धरायचा. पण जावयांच्या देशाला नावं ठेवायची नाहीत असा आमच्या घरात ठराव झालेला आहे. गप्प बसलो.

मला छळलं ते दुसऱ्याच एका गणितानं. एक लिटर पेट्रोल भरतं जेमतेम पाऊण किलो. ते जाळलं की कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे २.३ किलो. पाऊण किलो घालून सव्वादोन किलो काढणं आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्यालाही जमलेलं नाही. मुलीनं फोनवर शांतपणे समजावलं. पेट्रोलमधला कार्बनचा एक अणू बाहेर पडताना हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेतो, आणि हे दोघंही त्याच्याहून वजनदार. मला लगेच पटलं. आमच्याकडे एकाला जेवायला बोलावलं की तो वाटेतून दोघांना घेऊन येतो आणि खाणारे ते दोघंच असतात, त्यातलाच हा प्रकार.

गेल्या वर्षी, २०२५ च्या उन्हाळ्यात, आम्ही तीन महिने हॅरोला मुलीकडे जाऊन राहिलो. हॅरो म्हणजे लंडनचा वायव्येकडचा भाग. गेल्या गेल्या मी ११९ ग्रॅमची चौकशी केली. दारात भलतीच गाडी उभी होती. विजेवरची, आवाज नसलेली, शून्य ग्रॅमची. मी नुसतं "अरे, ती कुठं गेली?" म्हणालो, तर घरात एकदम गंभीर शांतता पसरली, आपण एखाद्याच्या मोडलेल्या लग्नाबद्दल विचारावं तशी. मग जावयांनी चहा ठेवला आणि सगळी कर्मकहाणी सांगितली.

ब्रिटननं मार्च २००१ मध्ये गाड्यांचा कर कार्बनवर नेला. आधी चार बँड होते, पुढे वाढत वाढत ए पासून एम पर्यंत तेरा झाले. डिझेलची गाडी त्याच अंतराला कमी इंधन जाळते म्हणून कार्बनही कमी सोडते. लोकांनी हिशेब केला आणि डिझेल घेतलं. २००१ मध्ये नव्या गाड्यांत डिझेलचा वाटा पाचात एकही नव्हता, दहा वर्षांत तो निम्म्यावर गेला. आमचे जावई त्या निम्म्यातले. गाडी घेताना आपण पृथ्वी वाचवतोय आणि शिवाय पैसेही वाचवतोय, असा दुर्मिळ योग त्यांच्या पत्रिकेत आला होता.

अडचण इतकीच की डिझेलच्या धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काजळीचे कणही असतात. ते थेट माणसाचं फुप्फुस गाठतात. पण कराची तागडी कार्बनची होती. ज्याचं वजन होत नाही त्याचा हिशेब कोण ठेवतो?

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. त्यांच्या डिझेल गाड्यांतल्या संगणकाला आपली तपासणी चालू आहे हे कळायचं, आणि तेवढा वेळ गाडी सभ्यपणे श्वास सोडायची. रस्त्यावर आली की मोकळी. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या. जावयांना याचा फार धक्का बसला होता. मला नाही बसला. आमच्या शाळेत इन्स्पेक्शनच्या दिवशी हे व्हायचं. साहेब येण्याआधी फळा पुसलेला, मुतारीत फिनेल, आणि मागच्या बाकावरचे आम्ही चौघं खेळाच्या साहित्याच्या खोलीत बंद. फरक इतकाच की आमच्या शाळेला त्यासाठी संगणक लागला नाही.

मग लंडनच्या महापौरांनी दुसरी तागडी काढली. जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोज साडेबारा पाउंड. २०१९ मध्ये हे मध्य लंडनपुरतं होतं, २९ ऑगस्ट २०२३ ला ते सबंध लंडनला लागू झालं, हॅरोसकट. वर्षातले सगळे दिवस, चोवीस तास, फक्त नाताळचा दिवस सोडून. त्या दिवशी फुप्फुसांना सुट्टी. आता गंमत बघा. एका सरकारी कागदावर जावयांची गाडी इतकी स्वच्छ की वर्षाचा टॅक्स तोपर्यंत वाढून जेमतेम ३५ पाउंड. दुसऱ्या कागदावर तीच गाडी इतकी घाणेरडी की तीन दिवस दारातून बाहेर काढली की साडेसदतीस पाउंड. दोन्ही कागद खरे, कारण वजनं वेगळ्या वायूंची होती. हॅरोच्या कौन्सिलनं इतर चार कौन्सिलांबरोबर कोर्टात दाद मागितली आणि हरली. जवळच्या अक्सब्रिजमध्ये त्याच वर्षी जुलैत पोटनिवडणूक झाली, ती बरीचशी या साडेबारा पाउंडांवरच लढली गेली. रात्री येऊन या वसुलीसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांच्या वायरी कापणारेही होते. हे ऐकून मला त्या देशाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

"तुम्ही कापल्यात का वायरी?" मी विचारलं.

"नाही बाबा. मी गाडी भंगारात दिली. त्याचे त्यांनी दोन हजार पाउंड दिले."

मग विजेची गाडी आली. शून्य ग्रॅम, शून्य टॅक्स. हे सुख दीड वर्ष टिकलं. एप्रिल २०२५ पासून विजेच्या गाड्यांनाही टॅक्स लागला, वर्षाला १९५ पाउंड. जावई हताशपणे म्हणाले, "बाबा, मी प्रत्येक वेळी सरकारनं सांगितलं तेच केलं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सरकारनं सांगितलेलं लगेच करायचं नसतं, थोडं थांबायचं असतं, हे पुण्यात दहा वर्षं राहिलं की आपोआप कळतं.

या सगळ्या प्रकरणात खरे सुखी म्हणजे शेजारचे आजोबा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि त्यांची गाडी १९७४ सालची. रविवारी ते ती बाहेर काढत. सुरू केली की आमच्या स्वयंपाकघरापर्यंत वास यायचा. तिचा रोड टॅक्स शून्य. रोजचे साडेबारा पाउंडही नाहीत. कारण ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं ओलांडलेली गाडी वाहन राहत नाही, ती ऐतिहासिक वारसा होते, आणि वारशाच्या धुराला धूर म्हणायची पद्धत नाही.

कुंपणावरून त्यांनी मला कराचा इतिहास सांगितला. १९२१ पासून तिकडे गाडीच्या अश्वशक्तीवर कर होता, एका घोड्याला एक पाउंड. पण घोडे मोजायचे कसे? सिलिंडरची रुंदी मोजून. मग कंपन्यांनी सिलिंडर अरुंद आणि लांब करायला सुरुवात केली. घोडे तेवढेच, कागदावर कमी. पंचवीसेक वर्षं इंग्रजांच्या इंजिनांचा बांधा हा असा कारकुनाच्या फूटपट्टीनं ठरवला. शेवटी सरकारनं नाद सोडला आणि सगळ्यांना सरसकट दहा पाउंड लावले.

मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे फूटपट्टी डिकीला लावतात. चार मीटरच्या आतल्या गाडीला कमी कर, म्हणून आमच्या कंपन्यांनी चांगल्या लांबलचक गाड्यांच्या शेपट्या कापल्या. पाठीमागून बघितलं तर गाडी दारात शेपटी सापडलेल्या मांजरासारखी दिसते, पण कर कमी. सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या जीएसटीतही तेच: लहान गाडीला १८ टक्के, मोठीला ४० आणि विजेचीला ५. लांबी मोजतात, इंजिन मोजतात. नळकांड्यातून काय येतं ते मात्र अजून कुणी वाकून बघितलेलं नाही.

आजोबा मनापासून हसले. मग म्हणाले, तुमच्याकडे माझ्या गाडीला काय लागलं असतं? इथे मात्र माझा आवाज खाली आला, कारण मला माझी स्कूटर आठवली.

माझी स्कूटर १९९६ सालची. महाराष्ट्रात खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पर्यावरण कर लागतो. २०१० पासूनचा हा नियम. दुचाकीला पाच वर्षांचे दोन हजार. तो ग्रॅमवर नाही, लांबीवर नाही, तो जन्मतारखेवर आहे. तिकडे चाळिशीनंतर सत्कार, इकडे पंधरा वर्षांनंतर दंड. माणसांच्या बाबतीत आपण किती उदार! साठीला निवृत्ती, पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव, शाल आणि श्रीफळ. त्या वयात माणूसही कमी धूर सोडतो असं नाही, पण त्याला कोणी पीयूसी मागत नाही.

पीयूसीचंही एक आहे. पेट्रोल पंपाजवळच्या व्हॅनमधला मुलगा माझ्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतो तेव्हा त्याचं यंत्र पास-नापास ठरवतं ते कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या इंधनावर. ज्या कार्बन डायऑक्साइडपायी सगळ्या जगाच्या परिषदा भरतात, त्याला त्या कागदावर मर्यादाच नाही. एकदा तो मुलगा नळी न घालताच कागद छापत होता. मी म्हणालो, "अरे, तपास तरी!" तो म्हणाला, "काका, तपासली तर पास कशी होणार?" इतकं स्वच्छ उत्तर मला फोक्सवॅगनच्या प्रकरणातसुद्धा सापडलं नाही.

हॅरोमधल्या आमच्या संध्याकाळी विजेच्या वादात जायच्या. जावयांच्या मोबाइलवर एक ॲप होतं. देशाची वीज या क्षणी कशातून येते आहे, ते त्यावर दिसायचं. वारा इतका, सूर्य इतका, गॅस इतका. वारा चांगला असला की ते गाडी चार्जिंगला लावायचे आणि प्रसन्न चेहऱ्यानं आत यायचे. कोळसा कायम शून्य. ३० सप्टेंबर २०२४ ला नॉटिंगहॅमजवळचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं. पहिलं १८८२ मध्ये लंडनमध्येच सुरू झालं होतं. ज्यांनी जगाला कोळशाची सवय लावली त्यांनीच ती सोडली. दारू सोडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं तेज तेव्हापासून त्या देशाच्या चेहऱ्यावर आहे, आणि आता इतरांच्या ग्लासात काय आहे ते बघणं सुरू झालं आहे.

त्या ॲपवर एक नाव होतं, बायोमास. मी विचारलं, हे काय? यॉर्कशरमध्ये ड्रॅक्स नावाचं प्रचंड वीजकेंद्र आहे. पूर्वी तिथं कोळसा जळायचा, आता लाकडाच्या गोळ्या जळतात. गोळ्या मुख्यतः अमेरिकेतून जहाजानं येतात. झाड तोडलं तरी पुन्हा उगवतं, म्हणून ही ऊर्जा अक्षय, असा हिशेब. त्यावर तिकडे शास्त्रज्ञांत आणि संसदेत जोरदार भांडणं आहेत. ही इतका वेळ विणत बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे सासूबाई जन्मभर चुलीपुढे डोळे चोळत भाकऱ्या करत होत्या ती अक्षय ऊर्जाच होती की! आणि आपण त्यांना गॅस घेऊन दिला, वर पेढे वाटले."

तसं बघितलं तर या विषयात मराठी भाषेनंच आधी गोंधळ घातला आहे. सूर्य आणि वारा यांना आपण सरकारी कागदांत 'अपारंपरिक ऊर्जा' म्हणत आलो. पारंपरिक कोण, तर कोळसा! वैदिक काळापासून अर्घ्य घेणारा सूर्य अपारंपरिक, आणि साहेबाबरोबर आलेला कोळसा घरचा. सून पन्नास वर्षं घरात राहून परकी आणि परवा आलेला भाडेकरू कुटुंबातला.

इंग्लंडमध्ये वाऱ्याला कोणाचा विरोध नाही. पवनचक्कीला आहे. २०१५ पासून नऊ वर्षं इंग्लंडच्या जमिनीवर नवी पवनचक्की उभारणं जवळजवळ बंद होतं. बंदीचा कायदा वगैरे काही नव्हता, नियोजनाच्या धोरणात दोन तळटीपा होत्या. गावातल्या लोकांच्या हरकतींचं समाधान झालं पाहिजे, अशा अर्थाच्या. गावातल्या सगळ्यांचं समाधान! जुलै २०२४ मध्ये नवं सरकार आल्या आल्या त्यांनी त्या तळटीपा काढल्या. तिकडे स्कॉटलंडमध्ये वारा इतका की वीज दक्षिणेकडे आणायला तारा पुरत नाहीत. मग पवनचक्कीवाल्यांना ती थांबवण्याचे पैसे देतात आणि दक्षिणेतल्या गॅसवाल्यांना चालवण्याचे. तारा वाढवायला निघालं तर पूर्वेकडची गावं मनोऱ्यांविरुद्ध फलक घेऊन उभी. त्यांचंही म्हणणं हेच की स्वच्छ विजेला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. मनोरे फक्त दुसरीकडून न्या.

मला मुळीच परकं वाटलं नाही. आमच्या साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा लोकांना आधी कौतुक होतं. पुढे दुष्काळाची वर्षं आली आणि गावोगाव एकच बोलणं सुरू झालं: ही पाती ढगांना हाकलून लावतात. शास्त्रज्ञ नाही म्हणाले. पण शास्त्रज्ञाच्या शेतात कुठं ज्वारी होती? आणि या वादात आपण इंग्रजांच्या मागे नाही, बरोबरीनं आहोत. तिकडे १९२१ मध्ये घोडे मोजणं सुरू झालं, त्याच वर्षी इकडे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. पाण्याची वीज, आजच्या भाषेत अगदी निर्मळ. दिवा मुंबईत लागणार होता आणि गावं मावळातली बुडणार होती. यावर मला विनोद सुचत नाही. स्वच्छ विजेचं बिल कोणाच्या पत्त्यावर जातं, हा प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी विचारला आणि ग्रॅमवर मोजणाऱ्यांना तो अजून मोजता आलेला नाही.

पुण्याला परतलो तर आमच्या सोसायटीत तोच वाद पेटलेला. गच्चीवर सोलर पॅनेल लावायची होती. केंद्राची योजना आहे, सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी किलोवॅटमागे १८ हजार अनुदान. रविवारी गच्चीवरच मीटिंग भरली. सर्वांचा तत्त्वतः पाठिंबा होता. 'तत्त्वतः' हा शब्द मराठीतला सर्वात मोठा सर्किट ब्रेकर आहे, तो म्हटला की पुढचा प्रवाह आपोआप बंद होतो. ए विंगला तत्त्वतः मान्य होतं, पण ऊन सगळं बी विंगच्या गच्चीवर पडतं, मग पॅनेलही तिकडेच लावा. बी विंगला मान्य होतं, पण मग लिफ्टचं बिल ए विंगनं भरावं. तळमजल्यावरचे म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरतच नाही. एक काकू इतकंच म्हणाल्या, "पापड कुठं वाळवायचे?" गेली तीस वर्षं त्या गच्चीवर सौर ऊर्जा अत्यंत कार्यक्षमतेनं वापरणाऱ्या त्या एकट्या, पण त्यांची नोंद इतिवृत्तात झाली नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या तरुणानं नवी विजेची स्कूटर घेतली आहे. त्यानं माझ्याकडे बघत सांगितलं, "काका, माझी शून्य धूर सोडते." मी म्हणालो, "बाळा, सोडते, पण इथे नाही. चंद्रपूरला सोडते." मुख्यतः कोळशावर चालणाऱ्या आपल्या विजेत युनिटमागे सरासरी साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. त्यानं तिथंच मोबाइल काढून हिशेब केला. त्याच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला तीन युनिट, म्हणजे दोन किलोच्या आसपास. माझी लिटरला पंचेचाळीस देते, म्हणजे पाच किलोच्या वर. शिवाय निळा धूर वेगळा. सभेनं माझ्याकडे बघितलं. मी इतिवृत्तातल्या एका शुद्धलेखनाच्या चुकीकडे सर्वांचं लक्ष वेधलं.

नोव्हेंबरात जावयांचा पुन्हा फोन आला. आवाज थकलेला. "बाबा, आता मैलावर टॅक्स लावणार आहेत. २०२८ पासून. विजेच्या गाडीला मैलाला तीन पेन्स." घोडे मोजून झाले, ग्रॅम मोजून झाले, आता मैल. आणि हे त्या देशात, जिथे धूर किलोमीटरवर मोजतात, रस्ता मैलांत आणि पेट्रोल लिटरवर विकून त्याचा ॲव्हरेज गॅलनमध्ये सांगतात. मी त्यांना म्हणालो, "शेजारच्या आजोबांना विचारा, त्यांची गाडी विकायची आहे का."

फोन ठेवला आणि दूध आणायला खाली उतरलो. स्कूटर तिरकी केली. चौथ्या किकला ती सुरू झाली. चौकात सिग्नल लागला. मागे कोणीतरी खोकलं. शेजारच्या गाडीवरच्या मुलीनं ओढणी नाकाला लावली. बसच्या खिडकीतल्या गृहस्थांनी काच ओढून घेतली. वास मलाही आला. लोकांना जराही काही वाटत नाही, असं म्हणत, कोणाची गाडी आहे ते बघायला मी मागे वळलो.